पंचावन्न झाली, तरी पाळी चालूच

पत्र थोडक्यात असं. वय ५५ वर्षं ४ महिने, राहणं सिंहगड रोडला, शाळेच्या ऑफिसात नोकरी. दोन मुलं, धाकट्याच्या वेळी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. गेल्या वर्षापर्यंत पाळी २७-२८ दिवसांनी यायची आणि चार दिवसांत आटपायची. गेले आठ-नऊ महिने मात्र कधी २२ दिवसांनी, कधी दीड महिन्याने येते, नऊ-नऊ दिवस अंगावरून जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठी पडतात. हिमोग्लोबिन ९.८. सोनोग्राफीत पिशवीच्या मागच्या भिंतीत ३ सेंटिमीटरचा फायब्रॉइड (कॅन्सर नसलेली साधी गाठ) आणि आतल्या अस्तराची जाडी १२ मिलिमीटर. तेवढ्यावरून एका डॉक्टरांनी "आता या वयात पिशवीचं काय काम, काढून टाकू" म्हणत तारीखही सुचवली. मोठ्या बहिणीची पिशवी बेचाळिसाव्या वर्षी काढलेली. ती म्हणते, सुटशील एकदाची. सून सात महिन्यांची गरोदर आहे. डोहाळजेवणाची यादी करताना नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "सुनेची थांबली, सासूची थांबेना." ते फार लागलं. दरवर्षी गौरींच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. प्रश्न चार: माझ्यात काही बिघाड आहे का? कॅन्सर तर नसेल? यंदा गोळ्या घेऊ का? आणि पिशवी काढून टाकू का?

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे तारीख पडली आहे. ऑपरेशनची घाई करायचं कारण तुमच्या कागदांत दिसत नाही. पण पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची, घाई करायला हवी. येत्या दोन आठवड्यांत ती व्हावी. ती झाल्याशिवाय पिशवी काढायला होकार देऊ नका, आणि "वयामुळे होतंय, जाईल आपोआप" म्हणून घरीही बसू नका.

आता वयाचं. तुमच्या ओळखीतल्या जवळपास सगळ्यांची पाळी गेली, कारण भारतात ती सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते. युरोप-अमेरिकेत हीच सरासरी ५१ आहे. त्यामुळे इथे पन्नाशीनंतर पाळी असणारी बाई एकटी पडते आणि तिला वाटतं, आपल्यातच काहीतरी राहून गेलंय. पण सरासरी म्हणजे मुदत नव्हे. ५५ नंतर पाळी गेली तर वैद्यकीय भाषेत ती "उशिरा गेली" म्हणतात; तुम्ही आत्ता त्या उंबरठ्यावर आहात. आईची कितव्या वर्षी गेली, मावशीची कितव्या वर्षी, हे कुणाला आठवत असेल तर विचारा. वय ठरवण्यात आनुवंशिकतेचा वाटा सगळ्यात मोठा असतो. बहिणीची तुलना इथे लागू होत नाही, तिची पिशवी ऑपरेशनने गेली. वजन जास्त असलं तरी पाळी जरा लांबते, आणि सिगारेट ओढणाऱ्या बायकांची एक-दोन वर्षं आधी जाते.

उशिरा जाण्याचे फायदे आहेत. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन जितकी वर्षं जास्त मिळतं तितकी वर्षं हाडांची झीज लांबते, आणि हृदयविकाराचा धोकाही सरासरीने कमी दिसतो. तोटाही आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही: स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. स्तनाच्या बाबतीत पाळी जायला लागणाऱ्या प्रत्येक जादा वर्षामागे साधारण ३ टक्के, तेही मूळ धोक्याच्या ३ टक्के. म्हणजे घाबरून जाण्याइतका नाही, पण मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) टाळावी इतका क्षुल्लकही नाही. दर दोन वर्षांनी ती करून घ्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची पॅप किंवा एचपीव्ही तपासणी राहिली असेल तर तीही.

तर पंचावन्नाव्या वर्षी पाळी येणं हा बिघाड नाही. तुमच्या पत्रात खरी बातमी दुसरीच आहे, ती तुम्ही ओघात लिहून गेलात: गेले आठ-नऊ महिने पाळीची तऱ्हा बदलली. महिन्याच्या महिन्याला, चार दिवस, आधीसारखीच पाळी येत असती तर एकदा नीट तपासणी करून घ्या आणि वाट पाहा, एवढंच मी लिहिलं असतं. २४ ते ३८ दिवसांनी येणारी आणि आठ दिवसांच्या आत संपणारी पाळी नेहमीची समजतात. तुमची दोन्हीकडून बाहेर गेली आहे.

असं का होतं? बीजकोशात बीजं संपत आली की काही महिने बीज सुटतच नाही. बीज सुटलं तरच प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होतं, आणि अस्तराची वाढ रोखून ते एकसारखं सुटावं याची व्यवस्था तेच करतं. ते नसलं आणि इस्ट्रोजेन चालू राहिलं, की अस्तर नुसतं वाढत जातं, मग जागोजागी सुटून पडायला लागतं. पाळी लांबते, मग आली की थांबत नाही, गाठी पडतात. हे पाळी जाण्याच्या काळात पुष्कळ बायकांना होतं आणि बहुतेकींच्या बायोप्सीत काळजीचं काही निघत नाही. पण नुसतं वाढत राहिलेलं अस्तर काही जणींत पेशींच्या बिघाडाकडे जातं, आणि बाहेरून दोन्हींची लक्षणं अगदी सारखी असतात. वजन जास्त, मधुमेह, पीसीओडी (बीजकोशांचा हार्मोनविकार) किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून पंचेचाळिशीनंतर पाळीची तऱ्हा बिघडली की बायोप्सी करावी असा सर्वमान्य नियम आहे.

तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर थोडं थांबते, कारण त्यातल्या १२ मिलिमीटरने तुमची झोप उडाली आहे. ४ मिलिमीटरपेक्षा जाड अस्तर संशयास्पद, हा नियम पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या आणि नंतर रक्तस्राव झालेल्या बाईसाठी आहे. पाळी चालू असणाऱ्या बाईचं अस्तर महिन्याभरात पाळी संपताना ३-४ मिलिमीटर आणि पुढची पाळी यायच्या आधी १२, १४, कधी १६ मिलिमीटर असं वरखाली होतं. त्यामुळे सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली, हे कळल्याशिवाय १२ या आकड्याला अर्थ नाही. तुमच्या रिपोर्टवर वरती शेवटच्या पाळीची तारीख लिहायची जागा असेल. ती बहुतेक रिकामी असते. पुढची सोनोग्राफी योनीमार्गातून, पाळीच्या चौथ्या ते सहाव्या दिवशी करून घ्या, अस्तर तेव्हा सर्वांत पातळ असतं आणि आत पॉलिप (अस्तरातून आलेला कोंब) असेल तर तो उठून दिसतो. पण पाळीचा पत्ताच नसेल तर त्या दिवसाची वाट बघत बायोप्सी लांबवू नका. आणि अस्तर पातळ दिसलं म्हणूनही तुमच्या वयाला बायोप्सी चुकत नाही.

फायब्रॉइडबद्दल तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा: गाठ आतल्या पोकळीत शिरली आहे का? पोकळीत डोकावणारी एक सेंटिमीटरची गाठ भरपूर रक्तस्राव करते, आणि भिंतीत किंवा बाहेरच्या बाजूला असलेली तीन सेंटिमीटरची गाठ बहुधा काहीच करत नाही. पाळी गेल्यावर फायब्रॉइड आपोआप आकसतात. पंचावन्नाव्या वर्षी ही फार मोठी गोष्ट तुमच्या बाजूने आहे.

बायोप्सीची भीती बाळगू नका. तीन मिलिमीटर जाडीची, रिफिलसारखी प्लास्टिकची नळी गर्भाशयमुखातून आत सरकवतात, तिच्यातला दट्ट्या मागे ओढला की अस्तराचे बारीक तुकडे आत खेचले जातात. भूल लागत नाही. ओपीडीत काही मिनिटांत होतं. एक-दोन मिनिटं पाळीच्या पोटदुखीसारखी जोराची कळ येते. आयब्युप्रोफेन चालत असेल (दमा, अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही नसेल) तर तासभर आधी खाऊन घेऊन एक गोळी घ्यायला डॉक्टर सांगतात. उपाशी जाऊ नका, चक्कर येते. नंतर एक-दोन दिवस डाग लागतात. गर्भाशयमुख आकुंचित असल्याने नळी गेली नाही, किंवा तुकडा पुरेसा आला नाही, किंवा सोनोग्राफीत पॉलिपचा संशय असला तर हिस्टेरोस्कोपी करावी लागते. त्यात दुर्बिणीतून आत बघून नेमक्या जागेचा तुकडा घेतात. आंधळेपणाने घेतलेल्या तुकड्यात पॉलिप सुटून जाऊ शकतो, म्हणून बायोप्सी नॉर्मल आली तरी रक्तस्राव थांबला नाही तर हिस्टेरोस्कोपीचा आग्रह धरा.

रिपोर्टमध्ये प्रोलिफरेटिव्ह किंवा सिक्रिटरी लिहिलं असेल तर अस्तर नेहमीचं आहे. हायपरप्लेसिया, पण एटिपिया (पेशींतला बिघाड) नाही, असं असेल तर अस्तर वाढलंय, पेशी ठीक आहेत. ते कॅन्सरकडे जाण्याची शक्यता वीस वर्षांत ५ टक्क्यांहून कमी, आणि किमान सहा महिने हार्मोनचे उपचार करून पुन्हा बायोप्सी करतात. एटिपियासह हायपरप्लेसिया असेल तर मात्र पिशवी काढणं हाच योग्य सल्ला, तेव्हा मागे-पुढे पाहू नका.

बायोप्सी आधीच का, काढलेली पिशवी तपासायला जातेच ना, असं तुमची बहीण विचारेल. कारण आत कॅन्सर असेल तर ऑपरेशनच वेगळं असतं. ते कुणी करायचं, बीजकोश आणि आजूबाजूच्या लसीकाग्रंथी काढायच्या का, पिशवी अखंड बाहेर काढायची, हे सगळं आधी ठरवावं लागतं. दुर्बिणीतून करताना मोठी पिशवी तुकडे करून काढायची पद्धत आहे. आत कॅन्सर असेल तर त्या तुकड्यांबरोबर तो पोटात पसरू शकतो.

समजा, बायोप्सी स्वच्छ आली. मग प्रश्न उरतो तो हे एक-दोन वर्षांचं रक्त आटोक्यात ठेवण्याचा. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या, १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, फक्त जोराच्या दिवसांत, जास्तीत जास्त चार-पाच दिवस. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या घ्यायच्या नाहीत. दुसरा उपाय म्हणजे पिशवीत बसवायची, मिरेनासारखी हार्मोन सोडणारी टी. ती अस्तर पातळ ठेवते, वर सांगितलेल्या साध्या हायपरप्लेसियावरही तीच पहिली निवड आहे. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागत राहतात. हे आधी न सांगितल्यामुळे पुष्कळ बायका दुसऱ्या महिन्यातच ती काढायला लावतात. तेवढा धीर धरायचा. तुमच्या वयाला बहुधा तिच्यावरच पाळी निघून जाते.

पिशवी काढणं चूक आहे असं मी म्हणत नाही. औषधं आणि टी वापरूनही रक्त थांबत नसेल, फायब्रॉइडच्या गाठी मोठ्या असतील, पिशवी खाली उतरली असेल, तर ते चांगलं ऑपरेशन आहे. पण "आता तिचं काय काम" हे वैद्यकीय कारण नाही. महाराष्ट्रात हे वाक्य फार स्वस्त झालं आहे. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याची बातमी आली तेव्हा आपण सगळे हादरलो होतो. शहरात ते अधिक सभ्य शब्दांत सांगतात, एवढंच. कधी ऑपरेशनची वेळ आलीच, तर बीजकोशांचं वेगळं विचारा. तुमचे बीजकोश अजून काम करताहेत, ते काढले तर एका रात्रीत पाळी गेल्यासारखं होतं आणि गरम वाफा, घाम, झोपमोड सगळं एकदम अंगावर येतं. पोट उघडून केलं तर सहा आठवडे जड उचलायचं नाही. डिसेंबरात नातवंड कडेवर घ्यायचं की नाही, इथवर त्याचा हिशेब जातो.

एफएसएच (बीजकोशांच्या कामाचा अंदाज देणारं हार्मोन) तपासणीवर पैसे घालवू नका. या काळात तो आकडा या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसराच येतो, आणि त्यावरून "आता किती दिवस" हे कुणालाच सांगता येत नाही. टीएसएच (थायरॉइड), साखर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (लोहाचा साठा) या तपासण्या करा. थायरॉइड मंद असलं तरी पाळी बिघडते आणि ते साध्या गोळीने सुधारतं.

हिमोग्लोबिन ९.८ म्हणजे तुम्ही जिना चढताना धापा टाकत असणार आणि ते वयावर ढकलत असणार. बाईचं १२ हवं. लोहाची गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि तिच्यात दोन तासांचं अंतर, कॅल्शियमच्या गोळीतही तेवढंच. पोटाला त्रास झाला तर एक दिवसाआड घ्या, शोषण त्याने कमी होत नाही. शौच काळी होते, घाबरू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन ग्रॅमभर तरी चढायला हवं. १२ झालं की गोळ्या बंद करायची चूक नको, साठा भरायला पुढे तीन महिने घ्यायच्या. सुनेसाठी अळिवाचे लाडू होतील तेव्हा तुम्हीही खा, पण नुसत्या लाडवांनी ९.८ चं १२ होत नाही. आणि गोळ्या नीट घेऊनही चढलं नाही, तर रक्त पाळीतूनच जातंय असं धरून चालू नका, पंचावन्नाव्या वर्षी पोटा-आतड्यांचीही तपासणी करावी लागते.

डॉक्टरांकडे "खूप जातं" एवढंच सांगू नका, मोजून न्या. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय त्यासाठी पुरे. चौकटीत तारखेखाली पेन्सिलीने लिहायचं: नुसता डाग लागलेलं पॅड १ गुण, अर्धवट भरलेलं ५, पूर्ण भिजलेलं २०. छोटी गाठ १, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी गाठ ५. समजा पहिल्या दिवशी दोन अर्धवट आणि एक डाग, झाले ११. दुसऱ्या दिवशी चार भिजलेली, एक अर्धवट, ८५. तिसऱ्या दिवशी दोन भिजलेली, दोन अर्धवट आणि दोन मोठ्या गाठी, ६०. चौथ्या दिवशी तीन डाग, ३. बेरीज १५९. शंभराच्या वर गेलं की साधारण ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जातंय असं धरतात, म्हणजे उपचार हवेत. पॅडचा आकार मोठा असेल तर गुण कमी भरतात, त्यामुळे एकाच मापाचं पॅड वापरा आणि ते माप डॉक्टरांना सांगा. पाळीच्या मध्येच किंवा संबंधानंतर डाग लागला तर त्या चौकटीत फुली करा. ती एक फुली बेरजेपेक्षा महत्त्वाची असते.

दोन तास लागोपाठ दर तासाला पॅड भिजत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर चौकटी भरत बसू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा. आणि कधीतरी पाळी थांबेल, बारा महिने पूर्ण होतील, तेव्हाच ती गेली म्हणायचं. त्यानंतर एक डाग लागला तरी आठवड्याभरात दाखवायचं, "परत आली वाटतं" असं म्हणून सोडायचं नाही.

तुमचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय. ज्यांचं झालेलं नाही अशा वाचकांसाठी एक वाक्य: चाळिशीत बसवलेली कॉपर-टी आत विसरली गेली असेल तर रक्तस्रावाचं तेही कारण असू शकतं, सोनोग्राफीत बघायला सांगा, आणि पाळी गेल्यावर ती काढायची असते.

आता गौरींच्या गोळ्या. यंदा नको. त्या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं, सहसा ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा. थांबवल्या की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. म्हणजे आधीच विस्कटलेल्या वेळापत्रकात आपण आणखी एक खोटी पाळी घालतो आणि कुठला रक्तस्राव कशाचा हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं. तपासणीपूर्वी घेतल्या तर अस्तराचं चित्रही बदलतं. शिवाय या डोसमध्ये शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि तो वय आणि वजनाबरोबर चढत जातो. औषधाच्या दुकानात मागितल्या की मिळतात म्हणून त्या साध्या होत नाहीत. तुमचं सोवळं मोडायला मी सांगत नाही, तो तुमचा निर्णय. पण यंदा मुखवटे बसवणं आणि नैवेद्य मुलाकडे सोपवता येईल, पुरणाचं त्याला जमत नसेल तर पुण्यात घरोघरच्या गौरींना विकतच्या पुरणपोळ्या केव्हाच चालू लागल्या आहेत.

नणंदेचं बोलणं उरलं. तिला उत्तर द्यावंसं वाटलं तर एवढं पुरे: "डॉक्टरांकडे चाललेय, तुमची मॅमोग्राफी केव्हा झाली होती?" तिचीही झालेली नसण्याची शक्यता दांडगी आहे. आणि सुनेला तुमचा त्रास माहीत असू द्या. तीस वर्षांनी तिला कुणाची पाळी कितव्या वर्षी गेली हे विचारायची वेळ येईल, तेव्हा घरात एकीला तरी ठाऊक असेल.

दुसऱ्या मतासाठी ज्यांचा ऑपरेशनच्या तारखेशी संबंध नाही अशा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. खासगीचा खर्च झेपत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची किंवा मंगळवार पेठेतल्या महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयाची स्त्रीरोग ओपीडी आहे. सकाळी लवकर निघा, कुणाला तरी बरोबर घ्या. पिशवीत सोनोग्राफीच्या कागदाबरोबर फिल्मही ठेवा, चालू गोळ्यांची पाकिटं, आधीच्या गौरींना घेतलेल्या गोळ्यांच्या तारखा आणि कालनिर्णयची ती पानं फाडून. सुचवलेली तारीख फोन करून आजच रद्द करा. "बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर ठरवू" एवढं सांगितलं की झालं.